एका मुलाची दोन निदाने

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् नगरापासून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिरुभुवनम् नावाचे गाव आहे. दोन गोष्टींमुळे या गावाचे नाव दूरवर पोचले आहे. पहिली गोष्ट तेथील रेशमी वस्त्रे. तिरुभुवनम् येथील रेशमी साड्यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे तिसऱ्या कुलोत्तुंग चोळ राजाच्या काळी, बाराव्या आणि तेराव्या शतकांच्या संधीवर, उभारले गेलेले भव्य शिवमंदिर. तेथील देवाचे नाव कंपहरेश्वर, म्हणजे कंप हरण करणारा ईश्वर. पातकाच्या भयाने थरथरणाऱ्या एका राजाचा कंप या देवाने दूर केला, अशी कथा सांगितली जाते.

अशा गावातील एक विणकर कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. आजोबांनी साठी ओलांडली आहे. धोटा धरताना त्यांचा हात कापू लागला असून चालताना तोल जातो. घरचे लोक म्हणतात, वय झाले. त्यांच्या मुलीची मासिक पाळी चाळिशीच्या आतच थांबली. ती कोणाला काही सांगत नाही. तिचा पाच वर्षांचा मुलगा अजून नीट बोलत नाही. तो हात फडफडवतो, माणसांच्या नजरेला नजर देत नाही आणि बाजाराच्या गलबल्यात कानांवर हात ठेवून रडू लागतो. आजोबा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जातील, मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाईल आणि नातू बालरोगतज्ज्ञाकडे जाईल. तिघांच्या हाती तीन कागद येतील. ते तीन कागद एका टेबलावर एकत्र ठेवण्याचा योग मात्र बहुधा कधीच येणार नाही.

हे कुटुंब कल्पित आहे आणि गाव उदाहरणादाखल घेतले आहे. पण या तिन्ही तक्रारींना जोडणारी वाट कल्पित नाही. तिचे मूळ एकाच जनुकात असू शकते आणि त्या जनुकाच्या पूर्ण बदलाने होणाऱ्या विकाराला भंगुर-एक्स किंवा फ्रॅजाइल एक्स असे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे हे सर्वांत मोठे ज्ञात कारण होय. डाउन विकार याहून अधिक आढळतो. परंतु तो बहुधा त्या त्या गर्भधारणेत नव्याने उद्भवतो, घराण्यातून चालत येत नाही. भंगुर-एक्स हा मात्र खरा वारसा आहे. स्वमग्नतेशीही त्याचे निकटचे नाते आहे. एकाच जनुकातील बदलामुळे उद्भवणाऱ्या स्वमग्नतेच्या ज्ञात कारणांत त्याचा क्रमांक पहिला लागतो.

या नात्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे पुष्कळ मुलांची आणि त्याहून अधिक त्यांच्या आयांची हानी होते. ती कशी होते आणि कशी टाळता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

दोन वेगळे प्रश्न

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘स्वमग्नता’ हे वर्तनाचे नाव आहे. मूल इतरांशी संवाद कसा साधते, खेळते कसे, कोणत्या हालचाली पुन्हा पुन्हा करते, आवाज, प्रकाश आणि स्पर्श यांना कसा प्रतिसाद देते, हे पाहून तज्ज्ञ हे निदान करतात. रक्ताच्या कोणत्याही तपासणीने ते होत नाही. याच्या उलट ‘भंगुर-एक्स’ हे कारणाचे नाव आहे. ते रक्तातील जनुकाच्या तपासणीनेच निश्चित होते; केवळ मुलाकडे पाहून नाही.

म्हणजे पहिले निदान ‘काय दिसते?’ या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरे ‘का दिसते?’ या प्रश्नाचे. मग एकाच मुलाला दोन्ही नावे लागू पडली तर त्यात विसंगती कोणती? एखाद्या माणसाला खोकला आहे असे म्हटल्याने त्याला क्षय नाही असे सिद्ध होत नाही. आणि क्षय आहे असे ठरल्याने खोकला नाहीसा होत नाही. तरीही आपल्याकडे अनेकदा असे घडते, की स्वमग्नतेचा शिक्का बसताच कारणाचा शोध थांबतो. कोठे कोठे याच्या उलट होते. जनुकातील बदल सापडताच ‘हा तर आनुवंशिक मंदपणा आहे, स्वमग्नता नव्हे’ असे म्हणून त्या मुलाला स्वमग्न मुलांसाठी असलेल्या शिक्षणापासून दूर ठेवले जाते. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. दोन प्रश्नांना एकच उत्तर पुरेल, अशी ती समजूत होय.

जगभर वापरल्या जाणाऱ्या मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत ही समजूत बाजूस सारली आहे. स्वमग्नतेचे निदान करताना तिच्यासोबत बौद्धिक अक्षमता आहे की नाही आणि एखादा ज्ञात आनुवंशिक विकार आहे की नाही, याची नोंद करावी, असे त्यात सांगितले आहे. शास्त्राने दोन रकाने आखून दिले आहेत. ते दोन्ही भरण्याची सवय लावून घेणे, एवढेच आपल्याकडे राहिले आहे.

१९४३ पासूनची वाटचाल

योगायोग असा, की या दोन्ही नावांचा इतिहास एकाच वर्षी सुरू होतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र स्थान दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जेम्स पर्डन मार्टिन आणि ज्युलिया बेल यांनी एका कुटुंबाचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. त्या कुटुंबात बौद्धिक अक्षमता मुख्यतः पुरुषांत दिसत होती आणि ती स्त्रियांच्या मार्फत उतरत होती. दोन्ही निबंध आपापल्या वाटेने गेले आणि त्या वाटा एकमेकींना मिळण्यास सुमारे चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात एक दुःखद प्रकरण घडले. मुलाच्या स्वमग्नतेचे कारण आईच्या थंड, निर्विकार वागण्यात आहे, असे मत पाश्चात्त्य देशांत प्रबळ झाले. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने त्याला मोठी प्रसिद्धी दिली. हजारो आयांनी ते दूषण मुकाट्याने सोसले. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच, स्वमग्नतेचे मूळ शरीरात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले होते. पुढे १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला.

दुसऱ्या वाटेवर १९६९ साली हर्बर्ट लब्ज यांना सूक्ष्मदर्शकाखाली एका कुटुंबातील बाधित पुरुषांच्या एक्स गुणसूत्राचे टोक तुटल्यासारखे दिसले. ‘भंगुर’ हे नाव त्यावरूनच पडले. परंतु इतर प्रयोगशाळांना ते सहजी दिसेना. याचे कारण १९७७ साली ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांनी शोधून काढले. पेशी ज्या द्रवात वाढवितात त्यात फॉलिक आम्ल भरपूर असले, तर ती खूण लपून राहते. हे कळल्यावर तपासणी शक्य झाली आणि १९८२ साली टेड ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वमग्न मुलांत हेच भंगुर गुणसूत्र आढळल्याचे प्रसिद्ध केले. अखेर १९९१ साली अनेक देशांतील संशोधकांच्या सहकार्याने प्रत्यक्ष जनुक हाती लागले. त्याला एफ-एम-आर-वन असे नाव मिळाले.

कोऱ्या कार्डांची माळ

या जनुकात नेमके काय बिघडते, हे विणकराला सांगणे मुळीच अवघड नाही. जॅकार्डच्या मागावर नक्षी उठते ती भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेमुळे. समजा, नक्षीची कार्डे सुरू होण्यापूर्वी काही कोरी कार्डे जोडलेली आहेत. अशी पाचपन्नास कोरी कार्डे असली तरी माग चालतो. पण प्रत्येक वेळी नवी माळ गुंफताना त्यांची संख्या वाढतच गेली आणि ती दोनशेच्या पलीकडे पोचली, तर माळ इतकी अवजड होते, की अखेर ती बांधूनच ठेवावी लागते. नक्षीची कार्डे शाबूत असतात. पण नक्षी उठत नाही.

एफ-एम-आर-वन जनुकाच्या आरंभी सी-जी-जी या तीन रासायनिक अक्षरांचा गट अनेक वेळा आलेला असतो. सर्वसाधारण माणसात ही पुनरावृत्ती ४४ वेळांपर्यंत असते. ४५ ते ५४ हा सीमेवरचा भाग होय. ५५ ते २०० या अवस्थेला पूर्वबदल म्हणता येईल आणि २०० च्या पुढे गेले म्हणजे पूर्ण बदल. पूर्ण बदलात पेशी त्या जनुकावर रासायनिक मोहोर उठवून ते बंद करते. मग त्यापासून बनणारे प्रथिन तयार होत नाही. मेंदूतील मज्जापेशींच्या जोडांवर इतर प्रथिनांच्या निर्मितीला लगाम घालणे, हे त्या प्रथिनाचे एक मोठे काम. तो लगाम सुटला, की जोडांची घडण आणि त्यांचे शिकणे, दोन्हीही विसकटतात.

पूर्वबदल असलेली व्यक्ती बहुधा बुद्धीने इतरांसारखीच असते. मात्र तिचा पूर्वबदल अगदीच निरुपद्रवी नसतो. अशा स्त्रियांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांत अंडाशयाचे कार्य चाळिशीच्या आत मंदावते. अशा पुरुषांपैकी अनेकांना उतारवयात हाताचा कंप जडतो आणि तोल जाऊ लागतो. हा कंपविकार २००१ साली पॉल आणि रँडी हॅगरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिला. आणि तोही नातवंडांच्या निदानानंतर आजोबांकडे लक्ष गेल्यामुळे. वर कल्पिलेल्या कुटुंबातील तीन तक्रारी एका सुतात ओवल्या जातात त्या अशा.

साम्य कोठे, भेद कोठे

पूर्ण बदल सुमारे चार ते सात हजार पुरुषांमागे एकात आढळतो; स्त्रियांत त्याहून कमी. स्त्रीला दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि दुसरे निरोगी गुणसूत्र पुष्कळसे काम सांभाळून घेते. म्हणून मुलींत हा विकार सौम्य असतो आणि कधी केवळ गणितातील अडचण किंवा अतिशय लाजाळूपणा एवढ्याच रूपाने दिसतो. पूर्ण बदल असलेल्या मुलग्यांपैकी सुमारे निम्म्यांना स्वमग्नतेचे निदानही लागू पडते. उलट बाजूने पाहता, सर्व स्वमग्न मुलांपैकी भंगुर-एक्स आढळतो तो शंभरांत सुमारे एक ते तीन मुलांत. तेव्हा प्रत्येक स्वमग्न मुलाला हाच विकार आहे असे समजणे जितके चुकीचे, तितकेच तो कोणालाच नसेल असे समजणेही चुकीचे.

बाहेरून सारखी दिसणारी वागणूक आतून वेगळी असू शकते, हेही शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. भंगुर-एक्स असलेला मुलगा नजर चुकवतो; पण त्याला माणसांचा कंटाळा असतो असे नाही. पुष्कळदा त्याला सोबत हवी असते, मात्र समोरासमोर येण्याची भीती अनावर होते. तो हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो आणि त्याच वेळी मान दुसरीकडे वळवतो. अशा मुलाची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ असा आग्रह करणे म्हणजे त्याच्या भीतीत भर घालणे होय. त्याच्या शेजारी बसून, दोघांनी एकाच वस्तूकडे पाहत शिकवले, तर तो अधिक शिकतो. एकापाठोपाठ एक पायऱ्या तोंडी सांगितल्या तर तो गोंधळतो. तीच गोष्ट चित्राने किंवा प्रत्यक्ष कृतीने अखंड दाखविली तर पकडतो. सुटी अक्षरे जोडण्यापेक्षा पूर्ण शब्द त्याला लवकर ओळखता येतो. विणकराच्या घरात मूल मागाशेजारी बसून जे पाहत पाहत शिकते, ती शिकण्याची रीत अशा मुलाला शाळेतील घोकंपट्टीहून अधिक मानवेल, हे उघड आहे.

कारण कळल्याने शरीराकडेही लक्ष जाते. या मुलांना लहानपणी मध्यकर्णाचे विकार वारंवार होतात आणि त्यामुळे ऐकू कमी आले तर आधीच उशिरा येणारे बोलणे आणखी लांबते. काहींना झटके येतात. काहींचे सांधे सैल आणि तळवे सपाट असतात. काहींच्या हृदयाची झडप ढिली असते. यांपैकी बहुतेक गोष्टींवर उपाय करता येतात. पण आधी त्या शोधाव्या लागतात. ‘स्वमग्न आहे, म्हणून हाका मारल्या तरी ओ देत नाही’ असे म्हणून ज्या मुलाचे कान कोणी तपासलेच नाहीत, त्याचे नुकसान कोणत्या शब्दांत मोजावे?

नात्यातील लग्ने आणि आईचा दोष

तमिळनाडूत सख्ख्या मामाने भाचीशी लग्न करण्याची रूढी जुनी आहे. आते-मामे भावंडांचे विवाहही तेथे सर्रास होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत त्या राज्यातील चारांतून एकाहून अधिक विवाहित स्त्रियांनी आपला विवाह नात्यात झाल्याचे सांगितले. महाराष्ट्राला हे परके वाटू नये. मामेबहीण करण्याची चाल येथेही अनेक जातींत आहे आणि इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात दक्षिणेच्या व महाराष्ट्राच्या या रूढींचा विचार केला आहे. सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणारी आपली भाषा ती आठवण अजून जपून आहे.

म्हणून मूल मंद निघाले, की दोन्ही प्रांतांत पहिला तर्क एकच होतो : नात्यात लग्न केले त्याचे हे फळ. काही आनुवंशिक विकारांच्या बाबतीत हा तर्क खरा आहे. ज्या विकारांत आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, ते नात्यातील विवाहांत अधिक दिसतात. भंगुर-एक्स त्या जातीचा नाही. मुलग्याला एक्स गुणसूत्र मिळते ते फक्त आईकडून. बाप तिचा मामा असो, आतेभाऊ असो की सातासमुद्रापलीकडचा परका असो, मुलग्याच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. मुलींच्या बाबतीत तेवढी एक शक्यता उरते. मामा स्वतः पूर्वबदलाचा वाहक असेल आणि त्याची भाचीही तशीच असेल, तर त्यांच्या मुलीला तो दोन्ही बाजूंनी मिळू शकतो.

यातून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. ‘आता मुलीला नात्याबाहेर देऊ, म्हणजे झाले’ अशी जी समजूत आईवडील घालून घेतात, ती येथे फसवी ठरते. वाहक मुलगी कोठेही दिली, तरी तिच्या प्रत्येक अपत्याला ते गुणसूत्र मिळण्याचा संभव निम्मा असतो आणि आईकडून उतरताना पुनरावृत्ती वाढण्याची भीती असते. आईची पुनरावृत्ती शंभराच्या वर असली, तर ती अपत्यात पूर्ण बदलापर्यंत पोचणे जवळजवळ ठरलेलेच असते.

मग ‘आईकडून आले’ हे वाक्य घरात उच्चारले जाते आणि त्याचे दूषणात रूपांतर होण्यास क्षणही लागत नाही. येथे गणित थोडे पुढे न्यावे. आईला तरी ते कोठून मिळाले? कधी तिच्या आईकडून, कधी तिच्या वडिलांकडून. पूर्वबदल असलेला पुरुष आपले एक्स गुणसूत्र आपल्या प्रत्येक मुलीला देतो आणि एकाही मुलग्याला देत नाही. तो स्वतः धडधाकट असतो, संसार करतो, समाजात मानाने वावरतो. उतारवयात हात कापू लागला तर तेवढेच. म्हणजे ज्या वारशाचा बोल सुनेच्या कुशीला लावला जातो, तो कित्येकदा एका प्रतिष्ठित पुरुषाकडून आलेला असतो आणि त्याचाही त्यात दोष नसतो. कॅनर आणि बेटलहाइम यांच्या काळात पाश्चात्त्य आईवर थंडपणाचा आरोप झाला. आपल्या आईवर कुशीचा आरोप होतो. आनुवंशिकतेच्या ज्ञानाचा पहिला उपयोग हा आरोप मोडून काढण्याकडे झाला पाहिजे. तो आरोप नव्या शब्दांत मांडण्याकडे होता कामा नये.

तपासणी का आणि कशी

यावरून एक मागणी न्याय्य ठरते. ज्या मुलाला स्वमग्नतेचे निदान दिले जाते, विशेषतः ज्याच्यात बौद्धिक वाढही मागे आहे किंवा ज्याच्या आजोळी अशी माणसे आहेत, त्याच्या आईवडिलांना भंगुर-एक्सच्या तपासणीची माहिती दिलीच पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० सालच्या अहवालात स्वमग्न मुलांसाठी ज्या जनुकीय तपासण्या सुचविल्या, त्यांत हिचा समावेश आहे. थोडेसे रक्त एवढेच तिला लागते. मात्र ही तपासणी नावाने मागावी लागते. गुणसूत्रांची साधी तपासणी किंवा अलीकडच्या पुष्कळशा महागड्या जनुकवाचनाच्या तपासण्या ही पुनरावृत्ती भरवशाने मोजत नाहीत. ‘सर्व जनुके तपासली, काही निघाले नाही’ असे समजून निश्चिंत बसलेल्या आईवडिलांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की औषध नाही तर तपासणी कशाला? मूळ दोषावर औषध नाही, हे खरेच आहे. २०१० नंतरच्या दशकात ज्या औषधांवर मोठी आशा होती, त्यांच्या मोठ्या चाचण्या माणसांत निष्फळ ठरल्या. तथापि कानांची काळजी, झटक्यांवरील उपचार, भीती आणि अस्वस्थता यांवरील उपाय, शिकविण्याची योग्य रीत आणि पुढच्या पिढीला वेळीच मिळणारा सल्ला, या गोष्टी औषधाहून कमी मोलाच्या नाहीत.

दुसरा आक्षेप असा, की नाव कळले तर घरातील मुलींची लग्ने अडतील. ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर अज्ञान हे नव्हे, गुप्तता हे आहे. तपासणी स्वेच्छेची असावी, तिचे फळ संबंधित व्यक्तीच्याच हाती द्यावे आणि निरोगी लहान बहिणीला केवळ वाहक आहे की नाही हे पाहण्यासाठी तपासू नये. ती सज्ञान झाल्यावर तो निर्णय तिने स्वतः करावा. गर्भावस्थेतील तपासणी शक्य आहे. तिचाही निर्णय त्या जोडप्याचा. परंतु मुलग्यांत विकार तीव्र असतो म्हणून लिंगनिवडीची पळवाट कोणी काढू नये. १९९४ च्या कायद्याची बंदी येथेही लागू आहे.

तिसरा आक्षेप शिक्षणाच्या बाजूने येतो : जनुकाचे नाव मिळाले, की स्वमग्नतेची मदत बंद होईल. तसे होण्यास कायद्याचा आधार नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि एकाहून अधिक अक्षमता या तिन्हींचा विचार केला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या दोन्हींना जागा आहे आणि बहुविकलांगतेलाही आहे. प्रमाणपत्र मुलाच्या गरजांवर मिळते. त्या गरजांचे कारण सापडले म्हणून गरजा नाहीशा होत नाहीत.

साधने अगदीच दूर आहेत असेही नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे बहुविकलांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आनुवंशिकतेचा विभाग आहे आणि मुंबईत या विकाराने बाधित मुलांच्या पालकांची स्वतःची संस्था आहे. २०१९ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आनुवंशिक विकारांच्या निदानासाठी ‘उम्मीद’ हा उपक्रम हाती घेतला. आता आवश्यक आहे ती या ठिकाणांपर्यंत पोचविणारी दृष्टी. आणि ती दृष्टी प्रथम शाळेतील शिक्षकाला, अंगणवाडीच्या सेविकेला आणि गावच्या डॉक्टरला असली पाहिजे.

त्यासाठी त्यांनी फार मोठे शास्त्र शिकण्याची गरज नाही. न बोलणारे मूल समोर आले, की त्याच्याविषयी दोन्ही प्रश्न विचारावेत : याच्या वागण्यात काय दिसते, आणि ते का दिसते? मग आईला तिच्या माहेरची चौकशी करावी. दोष हुडकण्यासाठी नव्हे, तर सूत हुडकण्यासाठी. तिचे भाऊ, मावशा, वडील यांच्याविषयी विचारावे. तिच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी विचारावे, कारण तिला ते कोणी विचारत नाही. एवढ्या चार प्रश्नांनी एका मुलाला त्याच्या रीतीने शिकवणारा शिक्षक मिळेल, एका बाईच्या माथ्यावरचा विनाकारण बोल उतरेल आणि तिच्या बहिणींना आपल्या आयुष्याचा निर्णय डोळे उघडे ठेवून करता येईल.